बेल वाजवू नका

सोमवार, ४ नोव्हेंबर

आजारी लेकरांच्या आईबापांनो, आणि त्यांच्या घरात राबणाऱ्या आत्या, मावश्या, काका, मामांनो! आपल्या सगळ्यांना एका गोष्टीची शिसारी आली आहे आणि आपण ती ओठांवर येऊ देत नाही. मी बोलते. आजाराचा आपल्याला वीट आलेला नाही. त्याच्याशी आपण लढतो आहोत. वीट आला आहे तो भेटायला येणाऱ्यांचा.

समोर कुणी नाही. ही माझी खासगी वही आहे आणि खोलीत मी एकटी आहे. पण जिचं आयुष्य व्यासपीठावर गेलं, ती कागदावरही आधी सभेलाच हाक मारते. इलाज नाही.

प्रसंग असा. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला आहे. वय आठ. दोन्ही हातांत धरून कुरतडत खाते म्हणून घरात तिला खारू म्हणतात. औषधांची दुसरी फेरी संपली आणि तिसरीपर्यंत तिला घरी सोडलं आहे. अंगातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात, म्हणजे वेशीवर पहारेकरीच उरले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, "कुणाची साधी शिंकसुद्धा हिला परवडणार नाही. ताप आला तर कपडे बदलायला थांबू नका, तडक इकडे या."

त्यामुळे आतल्या खोलीतले पडदे, गालिचा, कापडी बाहुल्या सगळं काढून टाकलंय. तिची चादर, खोळ, कपडे रोज कढत पाण्यात धुवायचे आणि दोन्ही बाजूंनी इस्त्री करायचे. हे भावजय करते. रात्रभर ती मुलीजवळ जागी असते. दुपारी खारूचा डोळा लागतो तेवढाच तिला वेळ.

आणि त्याच वेळी बेल वाजते! आज मी गेले तर बाहेरच्या खोलीत चार जण बसलेले. लांबच्या नात्यातली एक काकू, जिला आम्ही लहानपणापासून बातमीकाकू म्हणतो, सोफ्यावर मांडी ठोकून सांगत होती, "अगं, आमच्या जावेच्या भाचीला अगदी हेच झालं होतं. डिट्टो. ती गेली म्हणा, पण तिचं वेगळं होतं." शेजारी, भाऊ कामाला आहे त्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक. त्याने हाताच्या पालथ्याने नाक पुसलं आणि त्याच हाताने पिशवीतून एक प्लास्टिकचं माकड काढून पुढे केलं. शी!

आणि माझा भाऊ काय म्हणतो? "बसा ना. कॉफी ठेवू?"

भावजय न्हाणीघरात होती. आतून नळाचा आवाज. मी पोचले आणि बराच वेळ झाला तरी नळ चालूच होता.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज भावजयीची एक शाळामैत्रीण. दारातच गळा काढला. भावजयीला तिची समजूत घालावी लागली! ज्या बाईचं लेकरू आत झोपलंय तिने दुसरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचं, "रडू नकोस गं, होईल सगळं ठीक." मग ती मैत्रीण नाक ओढत म्हणाली, "तू किती खंबीर आहेस. मला जमलं नसतं." जसं काही हिने ही परीक्षा हौसेने दिली आहे.

मी दुःखावर खूप वाचलं आहे. मोठमोठ्या विचारवंतांची पानंच्या पानं. पण दुःखी माणसाच्या सोफ्यावर बसून त्याची कॉफी पिणाऱ्या जमातीबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नाही. ही मंडळी दिलासा द्यायला येत नाहीत. आपल्या घरात हे नाही, याची खात्री करून घ्यायला येतात. येताना चेहरा पडलेला, जाताना जिन्यात गप्पा. मी वरून ऐकते ना! आज दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मैत्रीणबाईंचा फोनवरचा विषय नव्या चपलांवर गेला होता.

भावाला बाजूला घेतलं. "तुला नाही म्हणता येत नाही?"

"कसं म्हणू ताई? प्रेमाने येतात."

"तिला झोप मिळत नाहीये."

"हो," तो म्हणाला आणि जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. "ते खरंय."

हा मुळातच असा. दुकानात भिंगं घासतो. गिऱ्हाईक म्हणालं चष्मा कानाला टोचतो, तर तीनदा वाकवून देतो आणि वर स्वतःच माफी मागतो. अशा माणसाच्या हाती दार दिलं की दाराची वेस होते. कुणीही यावं, कुणीही जावं.

ठरवलं. त्याला शिकवायचं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज भाषणाचा वर्ग. वर्गात विद्यार्थी एक, आणि तो कांदे चिरत होता.

मी दाराबाहेर गेले, बेल वाजवली. "मी बातमीकाकू. उघड."

उघडलं. "या ना काकू."

"शून्य गुण! बाहेर जाते. पुन्हा."

पाच वेळा मी जिन्यात गेले. पाचही वेळा त्याने मला आत घेतलं. एकदा तर माझ्या हातातली नसलेली पिशवी घ्यायला हात पुढे केला. आतल्या खोलीतून खारू खिदळत होती. दाराला काच आहे, तिच्यातून तिला सगळं दिसतं. डोक्यावर एक केस नाही, डोळे केवढे मोठे झालेत, पण हसू जुनंच.

"बाबा, तू फारच वाईट नट आहेस!" ती ओरडली.

मग मी त्याला नियम सांगितले. आयुष्यभराची कमाई आहे ही, फुकट दिली. कारण द्यायचं नाही, कारण दिलं की माणूस कारणाशी वाद घालतो. माफी मागायची नाही. आवाज चढवायचा नाही, उलट खाली आणायचा. एकच वाक्य, एकदाच. मग गप्प राहायचं. गप्प राहणं सगळ्यात अवघड असतं, कारण समोरचा त्या शांततेत काहीतरी भरायला बघतो. भरू द्यावं. आपण हलायचं नाही.

"आणि माणूस आपलं असलं तर?" भावाने विचारलं.

"आपलंच असतं रे! परकं माणूस कशाला येतंय तीन जिने चढून?"

आतून खारू म्हणाली, "बाबा, भोंगाआत्यासारखं नको बोलूस. तू तुझ्यासारखंच बोल, फक्त नाही म्हण."

भोंगाआत्या म्हणजे मी. जुन्या गिरण्यांच्या भोंग्यावरून. तिच्या बापानेच शिकवलंय.

भावजय ओट्याशी चादर पिळत उभी होती. तिला हसू आलं नाही. म्हटलं, "अगं, तूही शिकून घे." तर म्हणाली, "मला एवढी चादर वाळत घालू दे ताई." या बाईची मला कधीकधी चीड येते. बोलत नाही. मनातलं मनात कोंडून माणूस कुजतो, असं मी तिला आज कळकळीने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. शेवटी खारूची उठायची वेळ झाली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

काल सफाई कामगारांची सभा. सभागृह खच्चून भरलेलं, खिडक्यांत माणसं. ध्वनिक्षेपक अर्ध्यातच बंद पडला, पण मी थांबले नाही. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला. नंतर हस्तांदोलनाला ही गर्दी. पुढच्या रांगेत एक जण सबंध भाषणभर खोकत होता, ते मात्र किळसवाणं. माणसाला रुमाल नावाची वस्तू ठाऊक नसावी?

आज घसा धरलाय. अपेक्षितच होतं.

रविवार, १० नोव्हेंबर

आवाज घोगरा. आमच्या धंद्यात घसा बसणं म्हणजे शिंप्याच्या बोटाला सुई टोचणं. कोमट पाणी, मध, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. असं करतच इथवर आले.

दुपारी भावाकडे. आज बेल एकदाही वाजली नाही. माझ्या दहशतीचा परिणाम असणार. भावाला म्हटलं, तू बाजारात जाऊन ये. भावजयीला म्हटलं, तू पड, खारूजवळ मी बसते. ती म्हणाली, "मी बसते ना ताई, तुमचा घसा..." म्हटलं, "घशाला काय धाड भरलीय? भाषणाने बसलाय." ती पडली नाही. दारात उभी राहिली.

हात कोपरापर्यंत धुतले, तोंडाला मास्क बांधला, आत गेले. खारूच्या तोंडात फोड आले आहेत, बोलताना त्रास होतो, म्हणून मीच बोलले. सिंहाची आणि खारीची एक गोष्ट रचून सांगितली. पण घोगरा आवाज मास्कमधून फुटेना. सिंह डरकाळी फोडतोय की शिळा पाव चावतोय, कळेना. शेवटी मास्क जरा हनुवटीवर घेतला आणि अशी डरकाळी फोडली की पोर टाळ्या वाजवायला लागली.

तेवढ्यात दारातून, "ताई!"

"काय गं?"

तिचं तोंड उघडं होतं. पुन्हा मिटलं. "काही नाही. मास्क."

"हो गं बाई, घेते वर."

मग ती पुन्हा न्हाणीघरात आणि पुन्हा नळ. एवढं पाणी वाया घालवते! पण आज काही बोलले नाही. आजच्या दिवसावर मी खूश आहे. पोर हसली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

लिहिते, कारण आज लिहिलं नाही तर काहीतरी फोडेन.

दुपारी तीन जिने चढून गेले. धाप लागली. बेल वाजवली. भावाने दार उघडलं. साखळी काढली नाही. फटीतून अर्धा चेहरा.

"ताई, तू आत येऊ नकोस."

मला आधी हसूच आलं. "शाबास! जमलं की रे! आता काढ साखळी."

तो गप्प.

"अरे, पुरे झाला सराव."

गप्प. मघाचा आवाजही खाली होता. कारण दिलं नाही. माफी मागितली नाही. एकच वाक्य, एकदाच.

मग मला कळलं की हा सराव नाही.

मी त्या शांततेत काय काय भरलं ते इथे लिहीत नाही. लहानपणी कुणी कडेवर घेऊन फिरवलं, इस्पितळाच्या खेपा कुणी घातल्या, या घरातल्या बिनकामाच्या गर्दीला कुणी हाकललं. बोलता बोलता खोकला आला, जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. वर पाहिलं तर तो तसाच. डोळे भरलेले, पण पापणी हलत नाही. मग त्याने दार लावलं. आपटलं नाही. इतकं हळू लावलं की मला कडीचा आवाजही आला नाही.

माझीच हत्यारं माझ्यावर! बातमीकाकूला कॉफी, दुकानाच्या नाक पुसणाऱ्या मालकाला खुर्ची, आणि सख्ख्या बहिणीला जिना. यामागे भावजय आहे. ती बोलत नाही ना, अशीच माणसं दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतात. किळस आली मला त्या घराची, त्या नळाच्या आवाजाची, त्या फटीतल्या अर्ध्या चेहऱ्याची.

अंग दुखतंय. रागाने.

बुधवार, १३ नोव्हेंबर

रागाने नाही. ताप आहे.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हातारे आहेत, माझी भाषणं ऐकणारे. त्यांनी घशात बॅटरी मारली. "कधीपासून?"

"शनिवारपासून. भाषणाने बसलाय."

"भाषणाने घसा असा लाल होत नाही बाई. ही गर्दीतून आलेली देणगी आहे. घरात लहान मूल, आजारी माणूस कुणी आहे का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते तोंडातून निघालं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

खारूला काल संध्याकाळी ताप भरला. तडक इस्पितळात नेलं. वेगळ्या खोलीत ठेवलंय. भावाचा संदेश, दोन ओळींचा. त्यात माझ्याबद्दल काहीही नाही.

माझा आवाज पूर्ण गेला आहे. कुजबुजही निघत नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

खारूचा ताप उतरत नाही.

मी इथे, माझ्या खोलीत. जायची सोय नाही. आरशासमोर जबडा उघडून घसा पाहिला. याच भोकातून मी डरकाळी फोडली. माझा श्वास, माझी थुंकी, माझे हस्तांदोलन केलेले हात. नाक पुसणाऱ्या मालकाची मला एवढी किळस आली होती. त्याने निदान माकड बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. मास्क हनुवटीवर घेऊन पलंगाशी तो बसला नव्हता.

बायको खोकली तर माणूस म्हणतो सर्दी झालीय. वक्ता खोकला तर वक्ता म्हणतो, काय भाषण झालं! अशी चूक करायला आमच्यासारखी वक्ते मंडळीच लागतात.

रविवार, १७ नोव्हेंबर

दुपारी भावाचा फोन. मला बोलता येत नाही हे त्याला कळवलं होतं. म्हणाला, "ताई, हो असेल तर फोनवर नखाने एकदा वाजव. नाही असेल तर दोनदा."

मी एकदा वाजवलं.

मग तो बोलला. इतका वेळ हा माणूस सलग बोललेला मी आजवर ऐकला नव्हता. खारूच्या तोंडातून पाणीही जात नाही. नळीतून औषध चालू आहे. तो काचेबाहेर बसतो. काल आतून तिने काचेवर बोटाने चष्म्याचं चित्र काढलं, त्याच्यासाठी. हे सांगताना तो थांबला. मी वाजवलं नाही. थांबू दिलं.

मग म्हणाला, "डॉक्टरीणबाई म्हणतात, कुणामुळे ते कळत नसतं. कधी कधी पोटातले स्वतःचेच जंतू उठतात. तेव्हा तू ते विचारू नकोस. मी पण नाही विचारणार."

एकदा.

"तुला त्या दिवशी दारात नाही म्हटलं, ते हिने सांगितलं म्हणून नाही. ती गेल्या रविवारीच म्हणत होती, ताईंना सांग. मीच दोन दिवस घालवले. मला येत नव्हतं सांगायला. ते वाक्य मी आरशात म्हणून पाहिलं." जरा हसल्यासारखा आवाज. "काकूला म्हणायला शिकवलंस, पण मी ते तुझ्यासाठीच पाठ करत होतो बघ."

एकदाही नाही, दोनदाही नाही. बोट तिथेच राहिलं.

"तू सगळ्यांना घालवायचीस ना ताई, ते बरं वाटायचं. पण मग तू बसायचीस. तिला काही नको होतं गं. नुसतं झोपायचं होतं."

फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ त्या नळाचा विचार करत होते. आत ती काय करत असेल? पाणी वाहतं आहे, दाराला कडी आहे, आणि कुणी तिच्याशी बोलू शकत नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

म्हाताऱ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. खोकला नाही, ताप नाही. "आता कुणाला धोका नाही तुमचा. आवाज मात्र आठ-दहा दिवस वापरू नका. जमेल?"

मी मान हलवली. ते इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला.

भावाला संदेश केला: "रोज सकाळी धुण्याची पिशवी बाहेर दाराच्या कडीला लावून जा. मी नेईन. संध्याकाळी परत तिथेच लावीन. घरात येणार नाही."

उत्तर आलं नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

कडीला पिशवी होती.

फक्त खारूची चादर आणि दोन झबल्यासारखे इस्पितळातले कपडे. एवढंच. विश्वास टाकायचा तर माणूस आधी थोडासाच टाकतो.

चादरीला फुलांचा वास नव्हता. सुकलेली उलटी, औषधाचे पिवळे डाग, आंबूस वास. नाक दाबावंसं वाटलं, दाबलं नाही. कढत पाणी, साबण, पुन्हा पाणी. इस्त्री मला येत नाही हे आज कळलं. आयुष्यभर कामगारांच्या हक्कांवर बोलले, आणि चादरीचा एक कोपरा सरळ करता करता दुसरा चुरगळतो. दोन्ही बाजूंनी करायची, शिवणीवर जास्त वेळ धरायची. चटका बसला. ओरडायला आवाज नव्हता.

संध्याकाळी पिशवी कडीला लावली. आतून पावलांचा आवाज आला. ती घरी होती. मी उभी राहिले. बेलच्या बटणावरचा रंग बोटांनी झिजून गेलाय, ते आज पहिल्यांदा दिसलं. त्यात माझंही बोट आहे.

खाली उतरले.

सोमवार, २५ नोव्हेंबर

खारूचा ताप काल उतरला, आज चढला नाही. भाऊ म्हणतो, दोन चमचे पातळ खिमटी गेली आणि "बेचव आहे" म्हणाली. तक्रार केली म्हणजे आपली खारूच.

पांढऱ्या पेशी अजून तळाशीच आहेत.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज दुपारी पिशवी आणायला उशीर झाला. तिसऱ्या मजल्यावर चढते तो समोर बातमीकाकू. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हाताचं बोट बेलवर टेकायच्या बेतात.

रात्र इस्पितळात काढून भावजय आत झोपलेली असणार. दोन वाजले होते.

मला आवाज नाही. मी काकूचं मनगट धरलं. ती दचकली. "अगंबाई! चोर की काय!"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"तुझा भोंगा बंद पडलाय म्हणे? अख्ख्या गावाला माहीत आहे." खरं तर ती कुजबुजत होती, पण बातमीकाकूची कुजबुजही दोन मजले जाते. मी तिला ओढतच अर्धा जिना खाली आणलं. तिथे ती पायरीवर टेकली, पदराने घाम पुसला, आणि मग मी ज्याची अपेक्षा केली नव्हती ते बोलली.

"मला ठाऊक आहे मी आले की तुम्ही तोंडं वाकडी करता. पण करू काय? घरी बसवत नाही. येते, बसते, तोंडाला येईल ते बोलते, आणि जिना उतरताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. ते मेलेल्या भाचीचं कशाला सांगितलं मी? कुणी सांगतच नाही गं, काय करायचं ते. सगळे म्हणतात, बसा ना."

मला अजूनही ही बाई आवडत नाही. तिच्या घाम पुसलेल्या पदराकडे मला बघवत नाही. पण मी वर गेले, कडीची पिशवी काढली, खाली येऊन उघडली आणि तिच्यातलं अर्धं धुणं तिच्या फळांच्या पिशवीत कोंबलं. मग हवेत इस्त्री फिरवून दाखवली. उलटून पुन्हा फिरवून दाखवली. दोन्ही बाजूंनी.

काकूने पिशवीत पाहिलं. मग माझ्याकडे.

"कढत पाण्यात?"

मान हलवली.

"आणि बेल?"

मी तिच्या बोटाकडे पाहिलं.

"बरं बाई," ती म्हणाली. "डोळे वटारू नकोस." आणि उतरायला लागली. जिन्यात तिने कुणाशी गप्पा मारल्या नाहीत. मी वरून ऐकत होते.

संध्याकाळी तिची घडी माझ्यापेक्षा सरळ निघाली. याचा मला राग आला.

मंगळवार, ३ डिसेंबर

आज पिशवीत खारूच्या कपड्यांखाली एक वेगळी वस्तू होती. उशीची खोळ. मोठ्या माणसाची, निळी, एका बाजूला दाबलेली, त्यावर डोक्याच्या तेलाचा गोल डाग आणि एक लांब केस.

भावजयीची खोळ.

मी ती हातात घेऊन टेबलाशी बसले. एवढा खोल दाब डुलकीने पडत नाही. ही बाई झोपली होती. दुपारी, गाढ, कुशीवर, तोंड उघडं टाकून. कुणी बेल वाजवली नाही. कुणी तिला मन मोकळं करायला सांगितलं नाही.

ती खोळ मी दोन्ही बाजूंनी इस्त्री केली, शिवणीवर जास्त वेळ धरली, आणि सगळ्यात वर ठेवली.

दुपारी फोन. खारू. आवाज बारीक, पण स्वच्छ. "भोंगाआत्या, बाबा म्हणतो पेशी वर यायला लागल्या. तुझा आवाज आला का?"

डॉक्टरांनी कालच परवानगी दिली आहे. आवाज आलाय. मी घसा साफ केला, आणि मग नखाने दोनदा वाजवलं.

"अजून नाही?" ती हसली. "मग मीच बोलते. ऐक."

ऐकलं.

आणि आता, श्रोतेहो, कुणी ऐकत असाल तर. तुमच्या ओळखीत एक घर आहे जिथे लेकरू आजारी आहे. तुम्ही फळं घेऊन तिकडे निघाला आहात, चेहरा पाडून, दोन वाक्यं मनात घोळवत. ती वाक्यं मी तुमच्यापेक्षा चांगली बोलते आणि तीही काही कामाची नाहीत. तेव्हा एकच करा. त्यांना आज निरोप पाठवा की धुण्याची पिशवी दाराच्या कडीला लावा. उद्या अंगात ताप-खोकला नसेल तर ती उचला, कढत पाण्यात धुवा, दोन्ही बाजूंनी इस्त्री करा, संध्याकाळी परत लावा.

आणि बोट बेलकडे जाईल तेव्हा खिशात घाला.